मानेतला कापूस

बाहुल्याच काय, सुयाही बोलायच्या त्या काळी एका खेळवाल्याकडे गुलब्या नावाचा हातबाहुला होता. खेळवाल्याची लेक यमू त्या बाहुल्याला खेळापुरताही सोडेना, म्हणून सुईने तिच्यासाठी हुबेहूब कापसाचा गुलब्या शिवला. यमूने तो पाहिला आणि बाजूला ठेवला. "हा गुलब्या नाहीच!"

सुई चिडली. "नाक तेच, फेटा तोच. कमी काय पडलं?"

"कमी नाही, जास्त झालं," खरा गुलब्या म्हणाला. "मी पोकळ, म्हणून माझ्यात हात शिरतो. याला तू मानेपर्यंत ठासून भरलंस. पोरीला जागा कुठाय?"

सुईने कुरकुरत मान उसवली, थोडा कापूस ओढून काढला आणि पुन्हा टाके घातले. मान लुळी पडली. "बिघडला," ती पुटपुटली.

यमूने बाहुला उचलला. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं.

"गप्प बसा सगळे," ती म्हणाली, "गुलब्या कानात काहीतरी सांगतोय."