परटाची धिंड

एका गावात एक पोरगा होता, हाताचा भारी चपळ. कुणाची कोंबडी, कुणाची तुपाची बरणी, दिसली की गायब. आईबापाविना वाढलेला, त्याला अडवणार कोण? सापडला की पंच एकच शिक्षा देत. तोंडाला काजळी फासायची आणि गाढवावर उलटं बसवून गावभर धिंड काढायची.

पहिल्या धिंडीत पोरगा रडला. पुढच्या वेळी गप्प बसला. मग मात्र तो वरून लोकांना रामराम घालू लागला. लोकही कामं टाकून बघायला येत. फुकटचा तमाशा कुणाला नको?

वैतागला होता तो एकटा परीट. गावात गाढव त्याचंच. म्हणजे चोरी पोराची आणि दिवस बुडायचा परटाचा. कपड्यांचे ढीग तसेच पडत, वर बायको बोलायची ती वेगळीच.

शेवटी पंच कंटाळले आणि पोराला गावातून हाकलून द्यायचं ठरलं. एवढंसं पोर जाणार कुठे, खाणार काय, याचा विचार कोण करतो! परटाला मात्र राहवलं नाही. तो म्हणाला, "पोराला माझ्याकडे द्या. मी जामीन राहतो. त्याने पुन्हा चोरी केली तर गाढवावर मी बसेन."

गाव हसलं. सगळ्यांचे कपडे परटाच्या घरी, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्याच की.

पोरगा नदीवर कपडे आपटू लागला. परीट शिव्या घालत शिकवी आणि आपल्यातली अर्धी भाकरी त्याला देई. गाढवाशी तर पोराची अशी गट्टी जमली, की ते दुसऱ्या कुणाच्या हाकेला पाऊल उचलेना. परटाच्याही नाही.

पण सुंभ जळला तरी पीळ जातो का? शेजारच्या गावी जत्रा भरली आणि हा पठ्ठ्या धुवायला आलेलं पाटलांचं जरीकाठी धोतर नेसून थेट जत्रेत. नेमके पाटीलही तिथेच. त्यांनी धोतर आधी ओळखलं, पोराला नंतर.

पंच बसले. पोरगा सवयीने तोंड पुढे करून उभा राहिला. परटाने त्याला बाजूला सारलं, स्वतः काजळी फासून घेतली आणि गाढवावर उलटा बसला. पण गाढव हलेना. ओढून झालं, ढकलून झालं, गूळ दाखवून झाला. तेव्हा पाटील पोराला म्हणाले, "धर दोरी. तूच ने."

पोराने दोरी धरली. लोक नेहमीसारखेच हसले, पण आज ते हसू त्याला झोंबलं. ज्याने अर्धी भाकरी दिली, त्याच माणसाला तो काळ्या तोंडाने गावभर फिरवत होता. चावडीपाशी येईतो त्याला हुंदका आवरेना.

"मामा, चुकलो मी," तो म्हणाला.

"ते मग बघू," मागून परीट म्हणाला. "मला इथून पुढचं दिसत नाही. तू नीट बघून चाल, खड्ड्यात घालू नकोस."

धिंड संपली. पाटलांनी विचारलं, "काय परटा, आता तरी सोडतोस ना याला?"

परीट काळ्या तोंडाने म्हणाला, "पोरगं आजच कुठे शिकायला लागलंय, पाटील. आता कसं सोडू?"

त्या पोराने पुन्हा कुणाच्या वस्तूला हात लावला नाही. गावाची करमणूक तेवढी बुडाली.

तात्पर्य काय, तर चारचौघांत लाज काढली की पोर निर्ढावतं. त्याच्यासाठी कुणीतरी लाज सोसली, तरच त्याला ती वाटू लागते.