रांग चुकलेली मुंगी आणि डब्यातला टोमॅटो

मुंगी होती तिळाएवढी. तिची रांग होती नदीएवढी. रांग राहायची नर्सरीत, रोपांच्या पिशव्यांखाली.

तिथं आले सोपानतात्या. सायकलवरून. त्यांनी टोमॅटोचं एक रोप उचललं.

"एकच?" नर्सरीवाला म्हणाला.

"घरात मी एकटा. ढीगभर कशाला?"

"बरोबर. हायब्रीड आहे, तात्या. एकच बास! घोसच्या घोस लागतील."

रोपाच्या पिशवीत मुंगी होती. कोणाला दिसलीच नाही. सायकल निघाली. ट्रिंग ट्रिंग! रांग राहिली मागे. मुंगी आली तात्यांच्या गच्चीवर.

तात्यांनी रोप लावलं रंगाच्या रिकाम्या डब्यात. डबा ठेवला टाकीखाली. टाकी गळायची. टप्. टप्. पाण्याची सोय झाली. मग तात्या खाली गेले, ते गेलेच. गुडघे दुखतात म्हणे.

वर राहिलं एक झाड. आणि एक मुंगी.

मुंगी रडायला लागली. "माझी रांग कुठं गेली?"

झाड म्हणालं, "रडू नकोस. मला टोमॅटो लागेल. पिकेल. फुटेल. वास सुटेल. वासानं मुंग्या येतील. रांगच्या रांग!"

मुंगी वाट बघत बसली. झाडाला पिवळं फूल आलं. गळून पडलं. टुप्. दुसरं आलं. तेही पडलं. टुप्.

"झाडा, झाडा, फूल का गळतं?"

"फूल कोणी हलवतच नाही. भुंगा येईल, तर टोमॅटो धरीन. नाहीतर नाही. जा!"

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

भुंगा होता कपड्यांच्या दोरीच्या बांबूत. भोकात पडून होता.

"भुंगेदादा, भुंगेदादा, चल ना!
भुंगा येत नाही, म्हणून फूल गळतं.
फूल गळतं, म्हणून टोमॅटो नाही.
टोमॅटो नाही, म्हणून मी एकटी."

"गुंऽऽ! एका फुलासाठी कोण उडतं? झेंडू फुलेल, तर येईन. नाहीतर नाही. जा!"

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

झेंडू होता फुटक्या बादलीत. मान खाली घालून उभा. कळ्या मिटलेल्या.

"झेंडूभाऊ, झेंडूभाऊ, फूल ना!
झेंडू फुलत नाही, म्हणून भुंगा येत नाही.
भुंगा येत नाही, म्हणून फूल गळतं.
फूल गळतं, म्हणून टोमॅटो नाही.
टोमॅटो नाही, म्हणून मी एकटी."

"फुलू कसा? ऊन कुठाय? ती गोधडी बघ, आडवी आलीय. गोधडी हलेल, तर फुलेन. नाहीतर नाही. जा!"

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

गोधडी होती दोरीवर. वाळत घातलेली. वाळून वाळून कडक झालेली. काढायला कोणी आलंच नव्हतं.

"गोधडीआजी, गोधडीआजी, हल ना!
गोधडी हलत नाही, म्हणून झेंडू फुलत नाही.
झेंडू फुलत नाही, म्हणून भुंगा येत नाही.
भुंगा येत नाही, म्हणून फूल गळतं.
फूल गळतं, म्हणून टोमॅटो नाही.
टोमॅटो नाही, म्हणून मी एकटी."

"मला काय पाय आहेत? तात्या उठतील, तर हलेन. नाहीतर नाही. जा!"

मुंगी निघाली. पाइपावरून खाली. तुरुतुरु तुरुतुरु.

तात्या होते खाटेवर. भिंतीकडे तोंड करून. खाट वाजली, कुर्र कुर्र. मुंगी उशीवर चढली.

"तात्या, तात्या, उठा ना!
तात्या उठत नाहीत, म्हणून गोधडी हलत नाही.
गोधडी हलत नाही, म्हणून झेंडू फुलत नाही.
झेंडू फुलत नाही, म्हणून भुंगा येत नाही.
भुंगा येत नाही, म्हणून फूल गळतं.
फूल गळतं, म्हणून टोमॅटो नाही.
टोमॅटो नाही, म्हणून मी एकटी."

तात्या म्हणाले, "एकटी? मग मी काय जत्रेत बसलोय? उठू कोणासाठी? कोणी हाक मारील, तर उठेन. नाहीतर नाही. जा!"

मुंगी निघाली. भिंत चढली. भिंत उतरली. तुरुतुरु तुरुतुरु.

पलीकडे हौसाअक्कांचं घर. अक्का आमटी करत होत्या. कढईत तेल तापत होतं.

"अक्का, अक्का, हाक मारा ना!
अक्का हाक मारत नाहीत, म्हणून तात्या उठत नाहीत.
तात्या उठत नाहीत, म्हणून गोधडी हलत नाही.
गोधडी हलत नाही, म्हणून झेंडू फुलत नाही.
झेंडू फुलत नाही, म्हणून भुंगा येत नाही.
भुंगा येत नाही, म्हणून फूल गळतं.
फूल गळतं, म्हणून टोमॅटो नाही.
टोमॅटो नाही, म्हणून मी एकटी."

"मी नाही बाई!" अक्का म्हणाल्या. "मागे हाक मारली, तर खेकसले माझ्यावर. 'काय कटकट आहे!' म्हणाले. जा!"

आता कुठं जायचं? पुढे कोणी उरलंच नाही. मुंगी चुलीच्या ओट्यावर बसून राहिली.

तडतड तडतड! मोहरी उडाली. अक्कांनी टोपलीत हात घातला. टोपली रिकामी. आमटीला टोमॅटोच नाही!

अक्का वळल्या. "काय गं, मघाशी काय म्हणालीस? टोमॅटो?"

"टोमॅटोच!"

"तात्यांकडे?"

"तात्यांकडेच!"

अक्का भिंतीशी गेल्या. टाचा उंच केल्या. "अहो तात्याऽऽ! एखादा टोमॅटो आहे का?"

खाटेवर तात्यांनी कान टवकारले. आपल्यालाच? आपल्यालाच की!

"काय कटकट आहे!" तात्या म्हणाले. आणि उठले. धप. धप. धप. वर गेले.

"ही मेली अजून इथंच?" त्यांनी गोधडी ओढली. फट्! झेंडूवर ऊन पडलं.

"अक्का, टोमॅटो नाही! आज चिंच घाला!"

"मग उद्या?"

"उद्याही नाही! टोमॅटो आहे तो, झटपट भाजायला पापड नाही!"

चार उन्हं खाऊन झेंडू फुलला. भुंगा निघाला. गुंऽऽ गुंऽऽ! आधी झेंडूवर बसला. मग टोमॅटोच्या पिवळ्या फुलाला लटकला. गुंऽऽ! फूल थरथरलं.

मुंगी परत झाडापाशी येऊन बघत राहिली. फूल सुकलं. पण टुप् झालं नाही. देठाशी राहिला एक हिरवा मणी. मग त्याच्याशेजारी दुसरा, तिसरा.

अक्का रोज भिंतीवरून हाक मारायच्या. तात्या रोज वर यायचे.

"तात्या, झाला का?"

"बोराएवढा!"

"तात्या, झाला का?"

"लिंबाएवढा! आणि रोज काय विचारता?"

पण एक दिवस हाक यायला उशीर झाला, तर तात्याच भिंतीशी येऊन खाकरले. खाक् खाक्!

"तात्या, झाला का?"

"लाल झाला! घोस आहे घोस! वाटी घेऊन या!"

वाटी भिंतीवरून आली. भरून गेली.

घोसातला एक टोमॅटो पिकून फुटला होता. खाली पडला. टप्प! तात्या वाकले. टोमॅटोशेजारी दिसली मुंगी. तिळाएवढी.

"तुझा आहे होय? मग घे," तात्या म्हणाले. टोमॅटो तिथंच राहू दिला.

वास सुटला. भिंतीच्या फटीत गेला. फटीतून एक मुंगी आली. तिच्यामागे एक. तिच्यामागे आणखी एक. रांगच्या रांग!

पहिली मुंगी थांबली. मिशीला मिशी लावली.

"कुठं होतीस गं?"

"इथंच."

"एकटीच?"

"एकटीच."

"मग ये की रांगेत."

मुंगी सगळ्यांत शेवटी उभी राहिली. मागे वळून बघितलं. मागे कोणीच नव्हतं.

पुढे बघितलं. पुढे एक मुंगी होती. तिच्यापुढे आणखी एक.

तुरुतुरु. तुरुतुरु. तुरुतुरु.