यंत्राला न सापडलेले अंगठे

धुण्याची पावडर बनवणाऱ्या एका कारखान्यात मंदाकिनी ढवळे पगार विभागाची प्रमुख होती. नव्या संचालकांनी, रणदिवेसाहेबांनी, हजेरीसाठी अंगठ्याचं यंत्र बसवलं. महिना सरला, तर पावडर भरणाऱ्या साऱ्या बायका त्या मेल्या यंत्राच्या लेखी गैरहजर! पावडरीने त्यांच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या.

"यंत्र खोटं बोलत नाही. पगार कापा," साहेब खुर्चीत रेलून म्हणाले.

मंदाकिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कापते की! पण कारण प्रत्येकीला लेखी द्यावं लागतं. 'गैरहजर' लिहू? मग महिनाभराचा माल काय भुतांनी भरला?"

"जे खरं असेल ते लिहा हो!"

तिने तिथेच कागद ओढून भराभरा लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "आमची पावडर हाताची कातडी खाते, म्हणून यंत्राला अंगठा सापडत नाही. करा सही! बायका हा कागद दुकानादुकानांत दाखवतील. आपल्या पुड्यावर तर छापलंय, 'हातांना लोण्यासारखी मऊ'!"

साहेबांनी सहीसाठी उघडलेलं पेन बंद केलं.

"पगार पूर्ण द्या."

"आणि हातमोजे?"

"तेही देऊ. तो कागद फाडा आधी."

"हातमोजे आले की फाडते," असं म्हणून मंदाकिनीने कागद पर्समध्ये टाकला.