हिरकणीची अंघोळ

दागिन्यांच्या डब्यात बाकी सगळे गाढ झोपत आणि आयांनाच तेवढी झोप लागत नसे, त्या काळातली ही गोष्ट. अंगठी रात्रभर जागी होती. तिच्या कोंदणातली हिरकणी पूर्वीसारखी चमकत नव्हती आणि शेजारच्या सात हिऱ्यांच्या कुडीने सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "अहो, पुन्हा पैलू पाडून घ्या तिला! आमच्या सातजणी बघा कशा लखलखतात."

पैलू पाडले तर चमक वाढेल, हे अंगठीला कळत होतं. पण पैलू पाडायच्या चाकावर अंग झिजतं. झिजलेली लेक कोंदणात सैल झाली आणि एक दिवस निसटलीच, तर? आणि नाही पाडले, तर उद्या तीच म्हणायची, आई, तू माझ्यासाठी काहीच केलं नाहीस.

सकाळी अंगठीने मन घट्ट केलं. "चल, चाकाकडे जाऊ. नुसतं विचारून येऊ."

"माझी पाठ चिकट झालीय," हिरकणी म्हणाली. हे ती रोजच म्हणायची.

चार लोकांत न्यायची, तर पारोशी कशी न्यायची? अंगठीने तिला रिठ्याच्या पाण्यात बसवलं आणि पाठ खसखसून चोळली. मालकिणीने मळलेल्या कणकेचा वाळका पापुद्रा निघाला आणि डबाभर उजेड पसरला. कुडीने तर डोळेच मिटून घेतले.

"अगं बाई! एवढंच होतं होय!" अंगठी हसता हसता रडायला लागली. आता चाक नको नि काही नको.

हिरकणीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "आई, वळ बघू. तुझ्याही कानामागे कणीक आहे."