पेवात राहिलेलं रडू

सरका बघू भिंतीकडे. सई, तू माझ्या कुशीत ये. आज बाबानं तुला बाथरूममध्ये कोंडलं ना, म्हणून आज हीच गोष्ट. आणि दिवा राहू दे, मालवू नका.

एक होता राजा. मोठा शूर, आणि तितकाच चिडका. शत्रूला भ्यायचा नाही, पण घरात मूल रडलं की त्याचं डोकं फिरायचं. त्याची लेक कमळजा, तीन वर्षांची. एकदा काय झालं, तिच्या हातून दुधाची वाटी सांडली. राजा ओरडला. ती रडली. तो आणखी ओरडला, ती आणखी रडली. मग त्यानं तिला उचललं आणि अंगणातल्या रिकाम्या पेवात सोडलं. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, बरं का. वर तोंड अरुंद, आत मिट्ट काळोख. "रडू थांबलं की काढा," म्हणाला, आणि झाकण लावलं.

संध्याकाळी रडू थांबलं. बाहेर काढलं तर पोर एकदम शहाणी. हट्ट नाही, हूं की चूं नाही. राणी आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, "आमची कमळजा किती गुणी!" मूर्ख मेली! रडू थांबलं नव्हतंच. ते आत राहिलं होतं, एकटं.

त्या राज्यात दर पाडव्याला मुलांना चौकटीशी उभं करून डोक्याच्या उंचीला कुंकवाची रेघ ओढत. पुढच्या पाडव्याला कमळजाची रेघ जुन्या रेघेवरच पडली. त्याच्या पुढच्यालाही तिथेच. पोर सात वर्षांची झाली, तरी अंगडं तेच. भांडं वाजलं की ती पलंगाखाली जाऊन बसायची.

मग राजानं वैद्य आणला. त्यानं काढे पाजले. रेघ हलली नाही. मग पंतोजी आणला. त्यानं छडी दाखवली. पोर आणखी आक्रसली. मग गाडाभर खेळणी आणली आणि राजा म्हणाला, "हस बघू!" ती लगेच हसली. भीतीनं हसली हो, दुसरं काय!

मग एक दिवस पेव सारवायला चिमाबाई आली. झाकण काढते तो आतून बारीक हुंदके. ती म्हणाली, "महाराज, तुमच्या लेकीचं रडू आत बसलंय."

राजा धावला. "आत्ता ओढून काढतो!"

चिमाबाईनं हात आडवा घातला. "बंद पेवात कोणी एकदम उतरत नाही, महाराज. माणूस गुदमरतं. आधी तोंड उघडं ठेवायचं. वारं खेळू द्यायचं. मग दोरीनं दिवा सोडायचा. विझला तर उद्या पुन्हा."

"असं किती दिवस?"

"ते मी कसं सांगू? पण रोज यायचं. ठरल्या वेळी. आणि ओरडायचं नाही."

मग रोज सकाळी चिमाबाई कमळजाला घेऊन पेवापाशी बसायची. राजा लांब बसायचा, कारण तो जवळ आला की पोर कापायची. दिवा सोडायचा, दिवा विझायचा. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. राजा चिडला, पण दात आवळून बसला. मग एका सकाळी दिवा तेवत राहिला.

राजा उठला. कमळजा चार वर्षांत पहिल्यांदा बोलली, "तुम्ही नको. चिमाबाई जाईल."

राजा खाली बसला. काय करणार?

चिमाबाईनं ते रडू पदरात गुंडाळून वर आणलं. कमळजानं ते छातीशी धरलं आणि तीन दिवस रडली. तिला कोणीही गप्प केलं नाही. पुढच्या पाडव्याला रेघ बोटभर वर सरकली.

मग ती वाढली, राणी झाली, सगळे सुखानं राहिले. असं म्हणायचं असतं, म्हणून म्हणते. पण मधल्या चार रेघा काही भरल्या नाहीत. म्हातारा राजा पागोटं नीट करायला हात उचलायचा, तरी ती खाली वाकायची. राजानं ते मरेपर्यंत पाहिलं.

झोपली का सई? झोपली.

मुकुंदा, दाराशी उभा आहेस, दिसतोयस मला. ये आत. तू चार वर्षांचा होतास. रडतोस म्हणून मी तुला कोठीच्या खोलीत कोंडलं होतं. गप्प झालास, तर शेजारणींना सांगत सुटले, माझा मुकुंदा किती गुणी. चुकलं रे माझं. हे सांगायला मला चाळीस वर्षं लागली.

नाही, उचलू नकोस तिला. तिथेच बस. सकाळी डोळे उघडले की तू तिला दिसला पाहिजेस. उद्याही, परवाही. आणि दिवा राहू दे.