मैनेचा लाडका शब्द

वाघ-मैना एकमेकांशी बोलायचे, तेव्हाची गोष्ट. गावात पारूकाकूंच्या ओसरीवर वाढलेली एक मैना जंगलात राहायला आली. काकूंचा मुलगा घरी आला की काकू म्हणायच्या, "आलास का रे मेल्या!" आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायच्या. मैनेला वाटे, याहून गोड शब्दच नाही!

समोरून वाघोबा येताना दिसले. मैना फांदीवर थुईथुई नाचत ओरडली, "आलास का रे मेल्या!"

"मला मेल्या म्हणतेस?" वाघोबांनी डरकाळी फोडून पंजा उगारला. मैनेला उडायचंही भान राहिलं नाही.

तेवढ्यात गुहेतून म्हातारी वाघीण कडाडली, "कुठे उलथला होतास रे मेल्या? जेवण गार झालं!"

वाघोबांनी पंजा झटकन पाठीमागे लपवला.

"आलो गं आई!"