हाकेनंतरचा अंधार

मुलांनो, तुम्हाला लाडाने हाक मारणारा प्रत्येक जण तुमचाच असतो का?

जिथे सूर्याचा किरणही पोहोचत नाही, अशा खोल समुद्रात इवल्याशा माशांचे एक कुटुंब राहत असे. ईश्वराने त्यांच्या पोटांवर दिव्यांच्या ओळी दिल्या होत्या. चुकलेल्याला शोधण्याची त्यांची एक रीत होती. शोधणाऱ्याने दिवे दोनदा लुकलुकवावे. चुकलेल्याच्या दिव्यांचे उत्तर दिसताच आपले दिवे विझवावे आणि उत्तराच्या दिशेने जावे. धाकटीला हे विझवणे मुळीच आवडत नसे.

"आई, देवाने दिवे लावायला दिले ना? मग विझवायचे कशाला?"

"आपल्याच उजेडाने डोळे दिपले, तर दुसऱ्याचा दिवा कसा दिसेल?" आई म्हणे.

"राणीसाहेबांना सदा मिरवायचे असते!" थोरला भाऊ चिडवी.

एकदा प्रवाहाच्या लोंढ्याने धाकटीला दूर वाहून नेले. चोहीकडे काळोख होता. इतक्यात लांबवर एक दिवा दोनदा लुकलुकला. "आई!" धाकटीने दिव्यांनी उत्तर दिले आणि ती तिकडे धावली. पण तिथे दबा धरून बसला होता एक मोठ्या जबड्याचा मासा. त्याच्या कपाळावरच्या दांडीला दिवा लोंबत असे. या कुटुंबाची हाक त्याने लपून पाहून उचलली होती.

"ये ग माझ्या सोन्या! किती शोधले तुला!" तो म्हणाला.

धाकटी थबकली. उत्तर देऊनही समोरचा दिवा जळतच होता. "आई, दिवा विझव ना!"

"वेडी कुठली! तुला वाट कशी दिसेल? ये लवकर!" दिवा विझला तर शिकार परत फिरेल, ही त्याला धास्ती होती.

"माझी आई विझवते," असे म्हणून धाकटीने आपलेच दिवे विझवले आणि ती अंधारात निसटली.

बऱ्याच वेळाने पुन्हा एक दिव्यांची ओळ दोनदा लुकलुकली. भीत भीत तिने उत्तर दिले. समोरची ओळ तत्काळ विझली. तो अंधार पाहून धाकटीचा जीव भांड्यात पडला. क्षणात आई तिला येऊन बिलगली. मागून थोरला म्हणाला, "राणीसाहेब, विझवायला शिकलात म्हणायचे!" आणि त्याने हळूच डोळे पुसले.

यातून शिकायचे ते हे : लबाडाला आपल्या माणसांची हाक उचलता येते; दुसऱ्यासाठी आपला दिवा मंद करणे त्याला जमत नाही.

आणि तो जबड्याचा मासा? हातची शिकार गेल्याच्या रागाने तो दिवा नाचवीत राहिला. तो पाहून त्याच्याहून मोठा शिकारी आला आणि दांडीसकट दिवा तोडून घेऊन गेला. तेव्हापासून तो जबड्याचा मासा काळोखात जबडा उघडून बसला आहे. त्याच्याकडे कोणी फिरकत नाही.